दुसरी आवळणी

कोजागरीनंतरचा गुरुवार, १९७८. दुपारपाळीचा भोंगा व्हायला थोडा अवकाश होता. शुक्रवार पेठेतल्या आमच्या दाजींच्या इंजिनदुरुस्तीच्या दुकानात हजर होते ते असे : दाजी, म्हणजे मल्हारी, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान आणि दुकानाचे मालक; बशीरभाई, अक्कलकोट रस्त्याला ओतकामाची भट्टी चालवणारे, दाजींचे जुने दोस्त; गणपतराव तांबट, मुद्दाम बोलावून आणलेले; माझी बहीण अक्का, घर आणि दुकान यांच्या मधल्या दारात, हाताला ज्वारीचं पीठ; आणि मी. मी गिरणीच्या स्टोअरमध्ये आहे. काय आलं, काय गेलं, कोण होतं, हे टिपून ठेवायची सवय मला तिथली. या हजेरीत गाडीही धरायला हवी, कारण सगळे तिच्याभोवतीच उभे होतो. बॉनेट उघडं, इंजिन नुकतंच जोडून झालेलं, आणि त्याच्या डोक्यावर, म्हणजे हेडवर, दाजींचा पाना आडवा ठेवलेला.

भोंगा सुरू झाला तसं दाजींनी इंजिन चालू केलं. पेठेत हे सगळ्यांना माहीत होतं. त्या इंजिनाच्या आवाजानं समोरच्या घरातली फळीवरची भांडी हलायची, म्हणून पहिल्यांदा चालू करायचं ते गिरणीच्या भोंग्यातच, असा दाजींनी स्वतःला घालून घेतलेला नियम होता. भोंगा थांबला, इंजिन चालत राहिलं. दाजींनी हेडवर तळहात ठेवला, चटका बसेपर्यंत ठेवला, आणि काढला.

"झालं का समाधान?" अक्का दारातून म्हणाली. "समोरच्या काकूंचा देवापुढचा दिवा इझला बगा."

"इझला तर लावतील की परत," दाजी म्हणाले. "काडेपेटी आपली द्या."

इंजिन चांगलं तापल्यावर त्यांनी बंद केलं आणि हात पुसत मला म्हणाले, "गार हू द्या आता, पावणं. उद्या सकाळी दुसरी आवळणी करतो. मग जा म्हणावं कुटं बी."

दुसरी आवळणी म्हणजे काय ते सांगतो, कारण पुढं लागणार आहे. हेड आणि खालचं इंजिन यांच्यामध्ये एक पातळ पत्रा असतो, त्याला गॅस्केट म्हणतात. इंजिन पहिल्यांदा तापलं की तो पत्रा जागेवर दबतो आणि त्यावरचे बोल्ट किंचित सैल पडतात. म्हणून गार झाल्यावर ते सगळे पुन्हा आवळायचे. तोवर गाडी रस्त्यावर काढायची नाही.

शुक्रवारी सकाळी मी स्टोअरची खिडकी उघडतच होतो, तेवढ्यात शेजारचा माणूस सायकलवरून आला आणि म्हणाला, अक्कानं बोलावलंय, आहे तसे चला... दाजी दुकानातल्या त्यांच्या स्टुलावर बसले होते. पाठ भिंतीला टेकलेली, चहाची कपबशी शेजारी, चहावर साय धरलेली. डॉक्टर म्हणाले, हृदय. पन्नाशीही पूर्ण झाली नव्हती.

त्यानंतरच्या या काही आठवड्यांत मी जी कामं केली ती आता आठवतात ती नुसत्या रांगांसारखी. मृत्यूचा दाखला, रेशनकार्डावरचं नाव कमी करणं, दुकानाचा विजेचा मीटर अक्काच्या नावावर करणं, गावाकडच्यांना कळवणं, आलेल्यांना परतीच्या एसटीत बसवून देणं. प्रत्येक खिडकीपाशी तेच वाक्य पुन्हा सांगायचं. काम उरकलं की बरं वाटतं, असा माझा आजवरचा अनुभव. या वेळी कामं उरकत गेली आणि मी नुसता थकत गेलो.

दाजी सांगोल्याकडचे. घरी मेंढरं, थोडी कोरडवाहू जमीन. मेंढरांमागं न जाता ते सोलापुरात आले आणि बोअरिंगच्या एका दुकानात लागले. इंजिनाचं सिलिंडर झिजलं की ते आतून तासून थोडं मोठं करायचं आणि त्यात मोठा पिस्टन बसवायचा, असा तो धंदा. पुढं त्यांनी जुनं मशीन घेऊन स्वतःचं दुकान टाकलं. विहिरींवरची ऑईल इंजिनं बैलगाडीत घालून लोक आणायचे. अक्काचं लग्न झालं तेव्हा मी शाळेत होतो, आणि मला दाजींची पहिली आठवण आहे ती त्यांच्या नखांची. लग्नात हळद लागली, पण नखांतलं काळं काही निघालं नव्हतं.

गाडी नंतर आली. अमेरिकन बनावटीची, सहा सिलिंडरची, कापडी छप्पर मागं दुमडणारी, एखाद्या नावेएवढी लांब. एका संस्थानिकाच्या गोठ्यात पडून होती आणि तिच्यात कोंबड्या राहत होत्या. दाजी ती बैल लावून घेऊन आले. अक्का तिच्याभोवती एक फेरी मारून म्हणाली, "कोंबड्या तेवढ्या मागं ठिवल्या. त्या आणल्या असत्या तर अंडी तरी मिळाली असती." पण पुढच्याच लगीनसराईत त्या गाडीनं घराला हात दिला. छप्पर उघडायचं, बॉनेटवर हार अडकवायचे, मागं नवरानवरी, पुढं बँड. सोलापुरात वरातीला तशी गाडी दुसरी नव्हती. तारखा लिहून ठेवायचं काम माझ्याकडं आलं. त्यासाठी मराठी महिन्यांचं एक भिंतीवरचं कॅलेंडर दुकानात आहे, ते दरवर्षी पाडव्याला मी बदलतो. बहात्तरच्या दुष्काळात विहिरी आटल्या, इंजिनं बंद पडून राहिली, सिलिंडर तासून घ्यायला कुणी येईना. त्या काळात अक्काचं घर आणि दोन भाच्यांची शाळा चालली ती वरातींवर.

आणि नेमकं त्याच्या पुढच्या वर्षी दाजींच्या डोक्यात शर्यत शिरली. सामान आणायला पुण्याला गेले होते, तिथल्या एका गिऱ्हाइकानं त्यांना कुठल्याशा जुन्या, वापरात नसलेल्या धावपट्टीवर नेलं.  परत आल्यावर एकदा जेवताना म्हणाले, "दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या करत्यात. निशाण पडलं की पाव मैल. सरळ. वळण न्हाय, काय न्हाय. कुणाचं इंजिन काय हाय ते तितं कळतं, पावणं."

"आपली गाडी केवढी जड," मी म्हणालो.

"म्हणून तर बोअर वाढवायचं. सिलिंडर मोटं, पिस्टन मोटा. ढकलंल की मग."

अक्कानं भाकरी ताटात टाकली. "आनि फुटलं म्हंजे?"

तिला गाडीतलं कळत नव्हतं असं नाही, बोअरिंगच्या दुकानात इतकी वर्षं राहिली होती. सिलिंडरच्या पलीकडं पाणी खेळत असतं. मध्ये ओतीव लोखंडाची भिंत. बोअर वाढवत गेलं की ती भिंत पातळ होते, आणि एकदा फुटली की इंजिन भंगारात. त्या गाडीचं दुसरं इंजिन सोलापुरात काय, हैदराबादेतही मिळालं नसतं.

"फुटणार न्हाय," दाजी म्हणाले.

"फुटंल का ते न्हाय इचारलं. फुटलं म्हंजे खायाचं काय, ते इचारलं." मग तिनं आपली अट सांगितली. लगीनसराईत गाडी दारात पाहिजे आणि नवरानवरीला मिरवून सुखरूप आणायला पाहिजे. ते सांभाळून काय करायचं ते करा.

दाजींनी ती अट देवापुढच्या नारळासारखी मानली. वरातीला चालेल तेच इंजिन शर्यतीला, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले. "दोन दोन इंजिनं ठिवायला आपुन काय राजं हाय का?" पण खरी मेख तिथंच होती. शर्यत पापणी लवेपर्यंत संपते. वरात माणसांच्या चालीनं चालते, चौकाचौकात थांबते, आणि तेवढा वेळ समोरून वारा लागत नाही. मोठं केलेलं इंजिन जास्त तापतं. म्हणजे पळण्यासाठी केलेल्या इंजिनाची परीक्षा होती ती रांगण्यात.

तो सबंध हिवाळा ते इंजिन दुकानाच्या मधोमध उघडं पडलेलं होतं. दाजी एकेक सिलिंडर थोडं तासायचे, थांबायचे, आत बोट फिरवून बसायचे. एवढे मोठे पिस्टन बाजारात नव्हते, म्हणून बशीरभाईंनी ट्रकचे जुने पिस्टन वितळवून नवे ओतले. त्यांची ओतकामं दाजी परत पाठवायचे आणि बशीरभाई भडकायचे. "उस्ताद, मैं क्या तुम्हारा जमाई है? कितने बार नखरे करते?" तरी नवं ओतून आणायचे. गॅस्केटही त्या मापाची नव्हती. तेव्हा दाजींनी ती तांब्याच्या पत्र्यातून कापून घ्यायची ठरवलं आणि जुनी गॅस्केट नमुन्याला घेऊन गणपतराव तांबटांकडं गेले. गणपतरावांनी आयुष्यात घागरी आणि बंब केले होते. त्यांनी नमुना वरखाली केला, विचारलं काही नाही, आणि ठरल्या दिवशी गॅस्केट करून दिली. चांदीसारखी चकचकीत. बशीरभाई म्हणाले, काय हात आहे! दाजींनी ती बसवली.

त्या इंजिनानं पहिली वरात काढली त्या संध्याकाळी मी दाजींच्या शेजारी बसलो होतो. मारुतीच्या देवळापासून निघालो, आणि दुसऱ्या चौकात तापमानाचा काटा चढायला लागला. दाजी घामाघूम. त्यांनी मान बाहेर काढून बँडवाल्याला हाक मारली, "मास्तर, जरा पळतं वाजवा की!" मास्तरांनी चाल धरली. दाजींनी गाडी थोडी सोडली, वारा लागला, काटा जरा खाली आला. मग आणखी सोडली. बँड पुढं होता, त्याला पळावंच लागलं. ताशेवाले पळता पळता वाजवत होते, क्लॅरिनेटवाल्यानं वाजवायचं सोडलं आणि नुसताच पळत सुटला. मागं सगळं वऱ्हाड लुगडी सावरत धावतंय, नवरीच्या मुंडावळ्या वाऱ्यावर, आणि नवऱ्याचा मामा गाडीच्या दाराला धरून ओरडतोय, "अवो, काय नवरी पळवून न्यायलाय काय?" घराच्या दारात पोहोचलो तेव्हा बॉनेटखालून वाफेचा लोट निघाला आणि पाहुण्यांनी तोंडाला पदर लावले.

लोक पुढं कित्येक दिवस हसत होते. अक्का हसली नाही. दुसऱ्या दिवशी तो मामा दारात येऊन बोलून गेला आणि त्यांच्या घरातल्या दुसऱ्या लग्नाची तारीख मला कॅलेंडरवरून खोडावी लागली. हैदराबादचा एक माणूस गाडी विकत मागत होता. अक्का म्हणाली, "आनि एकदा वाफ दिसली तर गाडी त्याला द्यायची. मग तुमी आनि तुमचा पाव मैल."

दाजींनी हेड उघडलं. गॅस्केटच्या कडेनं पांढरे, चमकणारे बारीक थेंब ओघळून थिजले होते. त्यांनी नखानं एक थेंब खरवडला आणि माझ्याकडं बघत राहिले. "पावणं... ही कल्हई हाय."

दाजी, बशीरभाई आणि मी गणपतरावांकडं गेलो. ते बंबाला ठोके घालत होते, ठोके थांबवले नाहीत. "मग? कल्हई करायची न्हाय व्हय? उघडं तांबं कसं द्यायचं गिऱ्हाइकाला? खाल्लेलं कळकंल, माणूस मरंल."

"गणपतराव, इंजिनात काय शिजवायचं हाय?" दाजी म्हणाले.

"ते मला काय ठावं? नमुन्याला भोकं हुती. मी म्हटलं, मोठ्या चाळणीचा तळ आसंल."

बशीरभाई डोक्याला हात लावून खालीच बसले. "या अल्ला! उस्ताद, अपने इंजिन में दाल पकती थी!" आणि पहिल्यांदा दाजी हसले, असे हसले की गणपतरावांचा हातोडा थांबला. कल्हईचं कथील उष्णतेनं वितळलं, तेवढी फट पडली, आणि इंजिनातली गरम हवा पाण्यात शिरली. इतकंच होतं. गणपतरावांनी नवी गॅस्केट केली, कोरी, निखाऱ्यावर लाल करून पाण्यात बुडवलेली. तसं केलं की तांबं मऊ पडतं आणि चांगलं दबतं. मजुरी घेतली नाही. "चूक तुमची," तेवढं म्हणाले.

वैशाखातली वरात मला विसरता येणार नाही. दाजींनी ट्रकचा मोठा पंखा बसवला होता. तरी अक्काचा विश्वास नव्हता. ती कधी वरातीबरोबर जायची नाही, त्या दिवशी गेली. कमरेवर पाण्याची कळशी घेऊन, नाचणाऱ्यांच्या मधून, गाडीच्या अगदी मागं. डोळे सारखे बॉनेटकडं. बायकांनी तिला नवरीकडची समजून फुगडीला ओढलं, तिनं मान हलवली. पुढं एका म्हाताऱ्यानं कळशी बघून ओंजळ पुढं केली. तिनं पाणी ओतलं. मग दुसऱ्यानं केली, मग पोरांनी, मग घामानं भिजलेल्या ताशेवाल्यानं. दाजी आरशातून बघत होते. चौकात वरात थांबली, गाडी उभ्या उभ्या गुरगुरत राहिली, वाफ नाही. घराच्या दारात आलो तेव्हा कळशी रिकामी झाली होती. वऱ्हाडानं पिऊन. गाडीनं थेंबही मागितला नव्हता. अक्कानं रिकामी कळशी मागच्या सीटवर ठेवली आणि दाजींना म्हणाली, "जावा आता."

शर्यतीला जाणं झालं ते त्यानंतरच्या हिवाळ्यात. दाजी, बशीरभाई आणि मी, त्याच गाडीतून, अक्कानं दिलेल्या भाकऱ्या आणि शेंगाचटणी घेऊन. धावपट्टीवर बाकीच्या गाड्या ट्रकवरून उतरवत होते. आमच्या बॉनेटवर हार अडकवायचे आकडे तसेच होते. कुणीतरी विचारलं, "नवरदेव कुठाय?" दाजी म्हणाले, "नवरदेव म्याच."

निशाण पडलं. मी असा आवाज त्या इंजिनाचा कधी ऐकला नव्हता. ती नाव उचलली गेली आणि शेजारच्या गाडीच्या पुढं गेली, चांगली पुढं... आणि अर्ध्याच्या थोडं पलीकडं आवाज पडला. दुसरी गाडी निघून गेली. मला वाटलं, फुटलं. धावत गेलो तर इंजिन व्यवस्थित चालत होतं आणि दाजी स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते.

"हरलात?"

"पाय उचलला."

"का?"

"इंजिनात ठोका आल्यागत वाटला. परवा तारीख हाय न्हवं. तुमीच लिवलीया."

 घरी अक्कानं विचारलं, फुटलं का? नाही. जिंकलात का? नाही. "मग करत काय हुता येवडा येळ?" दाजी हसून हातपाय धुवायला गेले. पाय उचलल्याचं मी तिला सांगितलं.  दोन दिवसांनी गाडी वरातीला उभी होती, बॉनेटवर झेंडू.

पुन्हा जाणं झालं नाही. पेट्रोल महागलं, भाच्या मोठ्या झाल्या, एकीचं लग्न निघालं. दाजींनी शर्यतीचा विषय काढला नाही. फक्त मोकळ्या रस्त्याला लागलो की तळपाय जरा दाबायचे, आणि मग उचलायचे. शेजारी बसलेल्याला ते कळायचं.

या वर्षीच्या उन्हाळ्यात मी कॅलेंडर घेऊन बसलो होतो. अक्का आली आणि म्हणाली, "बाळू, माघातला एक आठवडा कोरा ठेव."

"कशाला? माघात तारखा भरपूर आहेत."

"म्हणूनच. पुढंमागं कुनाची तारीख नको. तुझ्या दाजींना जाऊ दे एकदा, पाय न उचलता."

मी आठवड्यावर रेघ मारली. दाजी मशीनवर होते, त्यांना ऐकू गेलं की नाही कळलं नाही. पण दुसऱ्या दिवशी इंजिन खाली उतरलेलं होतं. झिजलेली सिलिंडरं त्यांनी पुन्हा तासली. "आता हिला परत बोअर न्हाय," मला म्हणाले. "भित्ताड तेवढंच उरलंय. ही शेवटची." बशीरभाईंनी पिस्टन ओतले आणि या वेळी एकही परत गेला नाही. गणपतरावांनी गॅस्केट केली, कोरी. आणि तो गुरुवार उजाडला, ज्याची हजेरी मी वर दिली आहे.

तेराव्यानंतर बशीरभाई आले. पाना उचलला, पहिल्या बोल्टवर बसवला, आणि तसेच उभे राहिले. मग पाना तिथंच सोडला. "भाबी, उस्ताद का हात लगनेका था. मेरे से नक्को होता. जुम्मे कू आताउं." तो जुम्मा गेला, त्यानंतरचेही गेले. मी त्यांना आठवण केली नाही. दुसरा कुठलाही मिस्त्री हे काम करील, हे मलाही कळतं, अक्कालाही कळतं. बोल्ट आवळायचे, एवढंच तर आहे.

अक्कानं बॉनेट बंद करू दिलेलं नाही. इंजिनावर धूळ बसू नये म्हणून तिनं तिचं एक जुनं लुगडं पांघरलं आहे. दुपारचा भोंगा झाला की ती अजूनही मधल्या दारात येऊन उभी राहते, आणि थांबला की आत जाते. परवा एक गृहस्थ माघातली तारीख मागायला आले. आठवडा कोरा दिसतोय, म्हणाले. मी अक्काकडं पाहिलं. "तो द्यायचा न्हाय," ती म्हणाली, आणि त्यांना चहा दिला.

माझ्या यादीतली बाकीची कामं झाली आहेत. मीटर नावावर झाला, कार्डावरचं नाव कमी झालं, गावाकडं कळवलं. मार्गशीर्षातली पहिली वरात जवळ आली आहे. इंजिन केव्हाच गार झालं आहे, आणि लुगड्याखाली, बशीरभाईंनी लावून सोडलेला पाना अजून पहिल्या बोल्टवर आहे. दुसरी आवळणी राहिली आहे.